पिवळा बंगला

फुग्याचा गॅस आलाच नाही, म्हणून आज उड्डाण नाही, असं सकाळीच जाहीर झालं. माझी सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी मी आईकडे जायची. वस्तीच्या तोंडाशीच सलूनवाले काका भेटले. दाढीचा फेस गालावर सुकत चाललेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून ते रस्त्यावर उभे होते. गल्लीच्या कमिटीचे ते अध्यक्ष. त्यांना न विचारता गॅस उशिरा येतोच कसा, हा भाव त्यांच्या तोंडावर होता.

फुगा म्हणजे खेळण्यातला नव्हे. आमच्या एका खोलीत मावणार नाही एवढा मोठा, लालभडक. त्याच्या पोटाखाली कापलेल्या बाटलीत कॅमेरा बसवायचा, दोरीने तो वर सोडायचा, वस्तीचे फोटो काढायचे आणि त्यांवरून नकाशा करायचा. ही कल्पना नकाशावालीची. ती एका संस्थेतली मुलगी, पायात कायम मोठाले बूट, आणि वस्तीत तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारत नसे. शहराच्या नकाशात आमच्या वस्तीच्या जागी नुसता राखाडी रंग होता. आई म्हणायची, काढणाऱ्याचा चहा सांडला असेल तिथे. उपग्रहाच्या फोटोत पत्र्याला पत्रा भिडलेला, कुठलं घर कुठे संपतं ते कळत नाही. ड्रोनला परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो. फुग्याला कोणाची परवानगी लागत नाही, असं नकाशावालीचं म्हणणं होतं.

आणि नकाशा कशासाठी, तर नळासाठी. आमच्याकडे कोपऱ्यावर एकच नळ होता आणि त्याच्यापुढे कॅनची रांग. पाणी खात्याने कबूल केलं होतं की नकाशावर जेवढी घरं दिसतील तेवढे नळ देऊ. एक घर, एक नळ.

वरून दिसेल तेच नकाशात येईल, एवढं नकाशावालीने एका सभेत सांगितलं मात्र, वस्तीला पंख फुटले. लोकांनी खाटा वर चढवल्या, सायकली चढवल्या. काकांनी आपल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात ‘सलून’ असं लिहून घेतलं आणि फुगा कुठल्या बाजूने वाचेल यावर नकाशावालीशी दोन दिवस वाद घातला. शेवटी त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहिलं. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिने पत्र्यावर नवी कोरी चादर अंथरली. ही चादर सरकारी नकाशात बघून सासरचे जळले पाहिजेत, अशी तिची साधी अपेक्षा होती.

आईने यातलं काही केलं नव्हतं. तिच्याकडे काम होतं.

माझी आई ताडपत्र्या शिवायची. मी पोचले तेव्हा ती उंबऱ्यात बसून शेवटच्या कडेला टाके घालत होती, आणि मान वर न करता म्हणाली, “आलीस? हात धुऊ नकोस. मळायचेच आहेत.”

मोठी ताडपत्री शिवून झाली की ती तपासायची तिची एक पद्धत होती. ताडपत्री गल्लीवर अंथरायची, या बाजूच्या पत्र्यांवरून त्या बाजूच्या पत्र्यांपर्यंत, कडांवर विटा. मग सगळ्यांनी खाली गल्लीत उभं राहून वर बघायचं. जिथे टाका सुटला असेल तिथून उन्हाचा ठिपका दिसतो. “या, दिवसा तारे दाखवते,” असं ती दारादारांतून ओरडत जायची आणि माणसं हातातलं काम टाकून यायची. ज्याला ठिपका दिसेल त्याने काठीने दाखवायचा, मी स्टुलावर चढून खडूने त्याच्याभोवती गोल करायचा, आणि मागाहून आई तिथे मेण घासायची. एकाच ठिपक्यावर दोघांनी हक्क सांगितला की भांडण. भांडण लागलं की आई न्यायाधीश, आणि निकाल नेहमी जो जास्त मोठ्याने ओरडेल त्याच्या विरुद्ध.

एरवी ताडपत्री दोन-चार घरांपुरती असे. ही एका गोदामवाल्याची होती, पिवळीधमक. दोन्ही बाजूंची मिळून अकरा घरं आणि मधली गल्ली तिच्या पोटात गडप झाली. खाली सगळं पिवळं झालं. माणसं पिवळी, बादल्या पिवळ्या, आमच्या समोरची टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची बायको पिवळी. तिला कावीळ झालीय, असं तिच्या नवऱ्याने जाहीर केलं, आणि तिने त्याला तेवढ्याच पिवळ्या हाताने फटका मारला. तारे फार निघाले नाहीत. आईचा हात त्या दिवशी चांगला लागला होता. तिला स्वतःलाही ते कळलं असावं, कारण ती गुणगुणत होती, आणि तिचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी.

गॅसची टाकी आली ती भर दुपारी. कोणीतरी “आली, आली” म्हणून ओरडलं आणि पिवळ्या गल्लीतून सगळे एकदम बाहेर पळाले. ताडपत्री वर तशीच राहिली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मीही पळाले. मी पळाले हे लिहिताना मला अजून नवल वाटतं, कारण मी ग्रंथालयात नोकरी करते आणि तिथे कोणी पळत नाही.

मागच्या मैदानात फुगा भरला गेला. आधी तो जमिनीवर आजाऱ्यासारखा लोळत होता, मग त्याने एक खांदा उचलला, मग दुसरा, आणि मग एकदम उभाच राहिला. नकाशावालीने दोरी धरायला जाड बोटांचं माणूस मागितलं. काका पुढे झाले, पण आईने आपले पंजे दाखवले. आयुष्यभर ताडपत्रीतून सुई ओढलेले ते पंजे होते. काका मागे झाले.

फुगा सुटला आणि वर वारा होता. दोरी ताठ झाली, आईच्या टाचा उचलल्या गेल्या. मी तिची कंबर धरली. माझी कंबर मावशीने धरली आणि मावशीची धरावी की नाही या विचारात काका पडले असताना मावशीने त्यांना लाजू नका म्हणून दरडावलं. अशी आमची साखळी मैदानभर फरफटत गेली. मध्येच नकाशावाली ओरडत होती, डावीकडे, डावीकडे, वस्तीवर न्या. आई हसून हसून बेजार झाली होती. “सोडा गं मला,” ती म्हणत होती, “वर जाऊन बघून येते, कोणाकोणाचे पत्रे सडलेत ते. गिऱ्हाइकं मिळतील.” तिच्या हसण्याचे हिसके तिच्या कमरेतून माझ्या हातात येत होते.

फोटो आम्ही सलूनमध्ये बघितले, कारण तिथे वीज होती आणि आरसे होते. नकाशावालीने लॅपटॉप वस्तऱ्यांच्या शेजारी ठेवला. सगळी वस्ती पहिल्यांदाच आपल्याला वरून बघत होती. आपलं घर सापडलं की माणूस एवढंसं हसे आणि मग इतरांना बोट लावून दाखवे. ‘सलून’ दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं. मावशीची चादर झळकत होती. आणि आमची गल्ली नव्हती.

आमच्या गल्लीच्या जागी एक छप्पर होतं. पिवळं, प्रचंड, सरळ कडांचं, खाली ना घर दिसत ना दार. आजूबाजूचे गंजके पत्रे त्याच्यापुढे नोकरचाकरांच्या खोल्यांसारखे दिसत होते.

 मग नकाशावालीने भाबडेपणाने विचारलं की हा एवढा मोठा बंगला कोणाचा. आईने मान वर केली, पदर खोचावा तशी कंबर सावरली आणि म्हणाली, “आमचा.”

त्यानंतर जे सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत थांबलं नाही. आई बंगल्याची मालकीण झाली. टीव्हीवाल्याचं घर तिचा दिवाणखाना झालं, कारण तिथे टीव्ही होते, एकही चालत नसला तरी. ज्यांच्याकडे दिवसरात्र चुलीचा धूर तो मुदपाकखाना. शेवटच्या घरातले आजोबा मोठ्याने घोरायचे, ते शयनगृह. काकांनी भाडेकरूंच्या वतीने तक्रार मांडली की मालकीणबाई रंग काढून देत नाहीत. आईने त्यांना नोटीस दिली. टीव्हीवाल्याची बायको दिवाणखान्यातून आली आणि विचारू लागली की बाईसाहेब, आज पाहुणे किती. कोणीतरी आईला सलूनच्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि गोल गोल फिरवलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

पुन्हा फुगा उडवायला टाकीत गॅस उरला नव्हता. पण त्याची गरज नाही, नकाशावाली म्हणाली. उद्या सकाळी येते, ताईंच्या शेजारी बसते, त्या सांगतील तसे या पिवळ्याचे अकरा तुकडे पाडते. तोवर जागा ध्यानात राहावी म्हणून तिने गमतीने त्या छपरावर लिहून ठेवलं: बंगला. मालकीण, ताडपत्रीवाल्या ताई. आईने तिला ‘ताई’च्या पुढे ‘साहेब’ लावायला लावलं.

मी निघाले तेव्हा आई मेणाचा गोळा हातात मळत दारात बसली होती. पुस्तकांत माणसं शेवटचं काहीतरी बोलतात. माझी आई म्हणाली, “जाताना दार ओढून घे, मांजर घुसतं.” मी ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आई उठली नाही. झोपेतच, असं डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा.

नकाशावाली लॅपटॉप घेऊन सांगितल्याप्रमाणे आली. गल्लीत गर्दी बघून ती थांबली, आणि मग तिने लॅपटॉप पाठीमागे धरला, लहान मूल काहीतरी लपवतं तसा.

सगळ्यांना कळवलं ते मावशीने. मला ते वाक्य बोलावंच लागलं नाही. माझ्या आधी मावशी होती, तिच्या आधी काका होते, आणि ज्याच्या त्याच्याकडे त्यासाठी वेगळा शब्द होता. कोणी गेल्या म्हणे, कोणी सुटल्या म्हणे, आजोबा म्हणत, आटोपलं तिचं. शब्दांचा तुटवडा मला नाही. मी दिवसभर शब्दांच्याच कपाटांमधून फिरते. पण यातला एकही माझ्या तोंडून निघेना. ग्रंथालयात मी घरी अडचण आहे असं सांगून रजा घेतली. गोदामवाला ताडपत्री न्यायला आला आणि त्याने आईची चौकशी केली, तेव्हा मी म्हटलं की बाहेर गेलीये. आल्या की सांगा, तो म्हणाला, शिवण झकास झालीये. मी म्हटलं, सांगते.

मावशी पलीकडे पिंपावर झाकण ठेवत होती. तिने हे ऐकलं आणि ती काही बोलली नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची.

पुढे बऱ्याच दिवसांनी पाणी खात्याच्या भिंतीवर कच्चा नकाशा लागला. काकांनी तो सगळ्यांत आधी बघितला आणि दाढी करायला बसलेल्या माणसाला गळ्यातल्या फडक्यासकट घेऊन ते वस्तीत धावत आले. आम्ही सगळे बघायला गेलो. राखाडी डाग नाहीसा झाला होता. त्या जागी चौकोन होते, लहान लहान, शेकड्यांनी, आणि प्रत्येक चौकोनात आकडा. मावशी आपला चौकोन सापडल्यावर भिंतीला हात लावून उभी राहिली. आणि आमच्या गल्लीच्या जागी एक मोठाच्या मोठा चौकोन, एकच आकडा, आणि शेजारी छापील अक्षरांत: बंगला.

आधी सगळे हसले. टीव्हीवाला तर भिंतीला टेकून खालीच बसला. मग त्याच्या बायकोने हसता हसता विचारलं की म्हणजे नळ किती, आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. एक घर, एक नळ. अकरा घरांना मिळून एक.

झालं होतं ते असं. नकाशावालीच्या यंत्रातलं दिवसभराचं काम रोज आपोआप पाणी खात्याच्या मुख्य कचेरीत जात असे. त्या दिवशीचंही गेलं, गमतीसकट. कचेरीत गंमत कळायची सोय नव्हती. आणि नकाशावाली आमच्या घरच्या गडबडीत ते अकरा तुकडे पाडायचे विसरून गेली. ती बिचारी रडकुंडीला आली होती. काका तिला म्हणाले की पोरी, रडू नकोस, चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली आहे आणि फार मजेत केली आहे.

तिने चौकशी करून आणली. हरकतींचा एक दिवस ठरलेला होता. त्या दिवशी मालकिणीने स्वतः साहेबांपुढे येऊन सांगायचं की असा बंगला नाही. मालकीण हयात नसेल तर तिच्या वारसाने समोर उभं राहून तसं सांगायचं. मग नोंद रद्द होते, आणि अकरा घरं पुन्हा मोजली जातात.

“तसं म्हणजे कसं?” काकांनी विचारलं.

“एवढंच,” ती म्हणाली, “की त्या...” आणि माझ्याकडे बघून थांबली.

सगळेच माझ्याकडे बघत होते. मी विचारलं की दाखला दिला तर चालणार नाही का. दाखला मागाहून लागेलच, ती म्हणाली, पण आधी तोंडाने विचारतात. मागच्या खेपेला एका वस्तीतले तिघे जण आपापल्या मृत्यूचे दाखले स्वतः घेऊन आले होते. टीव्हीवाल्याला परत हसू फुटलं. बायकोने त्याचा पाय दाबला. मी जाईन असं मला म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

“राहू दे,” मावशी म्हणाली. “हिच्यावर नका टाकू. मीच जाते ताई होऊन.”

दोघी बहिणी दिसायला सारख्या होत्या, यावर आजवर फक्त मावशीचा आक्षेप होता. आता तो तिने मागे घेतला, पण अटींवर. आपण धाकटी आहोत हे सर्वांनी लक्षात ठेवायचं. ताईएवढं म्हातारं दिसायला आपल्याला मेहनत लागेल. काका म्हणाले की मेहनतीचं त्यांच्यावर सोडा. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि केसांवर एवढी पावडर मारली की सलूनमध्ये ढग आला. नकाशावाली कानांवर हात ठेवून दाराकडे निघाली. मी काही ऐकलं नाही, मी काही बघितलं नाही, ती म्हणत होती, पण दारातून वळून तिने सांगितलं की भुवया राहिल्या.

मग तालमी झाल्या. काका साहेब झाले. मावशीने एवढंच म्हणायचं होतं की साहेब, चूक झाली, बंगला नाही, अकरा घरं आहेत. पण मावशीला दोन वाक्यांत भागवणं जन्मात जमलेलं नाही. ती आधी साहेबांच्या तब्येतीची चौकशी करी, मग त्यांच्या खुर्चीला नावं ठेवी. काका कपाळाला हात लावत. गल्लीतली माणसं खिडक्यांतून सूचना करत: ताई अशी मान वाकडी करायची, ताई साडीवरच्या शर्टाच्या कॉलरला सुई टोचून ठेवायची, ताई बोलताना समोरच्याचं कापड चिमटीत धरून बघायची. मावशी एकेक गोष्ट उचलत गेली. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी खुर्चीमागच्या बाकावर बसून ऐकत होते, आणि मला ते थांबू नये असं वाटत होतं.

हरकतींच्या दिवशी आमची सबंध गल्ली कचेरीत पोचली. जिन्यावर माणसं, खिडकीत माणसं. मावशीने आईचे कपडे घातले होते, कॉलरला सुई टोचली होती. उकाड्याने तिच्या कपाळावरून पावडरीचे ओघळ यायला लागले होते, आणि टीव्हीवाल्याची बायको रुमालाने ते परत वर ढकलत होती.

साहेब वयस्कर होते, सभ्य होते. आमची तयारी होती ती हडेलहप्पी माणसाची. सभ्यपणाची तालीम आम्ही केलीच नव्हती. त्यांनी उठून मावशीला खुर्ची दिली आणि म्हणाले की या, मालकीणबाई, आमच्या सगळ्या हद्दीत एवढं मोठं छप्पर दुसरं नाही.

बस्स. तिथेच मावशी गेली कामातून. उभ्या आयुष्यात तिला कोणी उठून खुर्ची दिली नव्हती. तिने मान वाकडी केली, टेबलावर पसरलेल्या कापडाची कड चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, “शिवण कच्ची आहे, साहेब. पहिल्या धुण्यात उसवेल.”

मी दाराला टेकून उभी होते. तो आवाज मावशीचा नव्हता.

साहेबांनी कुतूहलाने विचारलं की बंगल्यात खोल्या किती. काकांनी मागून खाकरून इशारा दिला. पण मावशी आता वर होती आणि दोरी कोणाच्याच हातात नव्हती. तिने बंगला दाखवायला सुरुवात केली. वाचनाची एक स्वतंत्र खोली आहे, साहेब, माझी मुलगी फार वाचते, तिच्यासाठी. पुस्तकं जमिनीवर ठेवायची नाहीत म्हणून कपाटं भिंतीत. खिडकी पूर्वेला, डोळ्यांवर ताण नको. ती सुट्टीच्या दिवशी येते ना, तेव्हा उजेड तिथे बरोबर पुस्तकावर पडतो. ताडपत्रीचा धंदा अंगणात, आवाज आत जायला नको. माझं काय, मी कुठेही बसते. गल्लीतली सगळी माणसं राहतात तिथे, कोणाकडून काही घेत नाही, फक्त रोज एक जोक सांगायचा अशी अट आहे. साहेब हसले. जिन्यावरचे हसले. काकाही हसले, ज्यांना हसायचं नव्हतं. मीही हसले. एक मिनिटभर तो बंगला उभा होता आणि त्यात आई फिरत होती, एकेक दार उघडत.

वाचनाची खोली तालमीत नव्हती. ती मावशीला कुठून सुचली, की आईने कधी तिच्यापाशी बोलून दाखवली होती, ते मी विचारलेलं नाही.

साहेबांनी चष्मा लावला आणि पेन उघडलं. “छान,” ते म्हणाले. “मग हरकत कशाला आहे? बंगला आहे तसाच कायम करतो. एक नळ, मालकीणबाईंच्या नावाने.”

 मावशीचा चेहरा उतरला. नाही, म्हणजे बंगला नाही, ती म्हणाली. आत्ताच तर दाखवलात, साहेब म्हणाले. तो आहे, मावशी म्हणाली, पण नाही. घरं अकरा आहेत. आणि खोल्या? त्या पण आहेत. पावडरीचा एक मोठा ओघळ तिच्या नाकावरून टेबलावर पडला. साहेबांनी तो बघितला, मग तिच्या केसांकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवलं. आवाज सभ्यच होता, पण आता ते हसत नव्हते. तुम्हीच मालकीण आहात ना, त्यांनी विचारलं.

मावशीने इकडेतिकडे बघितलं. काका छताकडे बघत होते. टीव्हीवाल्याच्या बायकोने रुमाल तोंडाला लावला होता.

“विचारा की माझ्या मुलीला,” मावशी म्हणाली. आवाज तिचा तिला परत आला होता, बारीक आणि घाबरलेला.

साहेब माझ्याकडे वळले. “या तुमच्या आई का?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं, निदान तेवढ्यापुरतं. त्यांनी बंगला कायम असं लिहिलं असतं, मावशीने सही केली असती, आणि पाणी खात्याच्या कागदांवर आई राहिली असती. हयात. बंगल्याची मालकीण. अकरा घरांना एक नळ.

साहेब थांबले होते. मावशीने माझ्याकडे बघून मान एवढीशी हलवली, नको बोलूस, मी करते काहीतरी, अशी. मी दारापासून पुढे आले. टेबलाशी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. 

“नाही, साहेब,” मी म्हटलं. “ही माझी मावशी. माझी आई वारली.”